एकाच कोटातली माणसं

जन्मभर बनियन-लुंगीत वावरलेल्या माणसाला आमच्या भागात मेल्यावर कोट मिळतो. तो मी देतो. भिवंडीत टेमघरच्या रस्त्याला माझं फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवस, उद्घाटन, हळदी, निवडणूक, श्रद्धांजली, जे म्हणाल ते छापून देतो. आता डोळे कुरकुर करायला लागलेत म्हणून काम आवरतं घेतलंय, आणि संपादक म्हणाले, आवरता आवरता चार आठवणी आम्हाला द्या. आठवणी म्हणाल तर पोतंभर आहेत. पण लिहायला बसलो की त्या कोटाच्या पुढे हात सरकत नाही, म्हणून तेवढंच लिहितो.

बाहेरच्या माणसाला आमचा धंदा थोडा समजावून सांगावा लागेल. घरात कुणी गेलं की दहाव्याच्या आत फोटो लागतो. हार घालायला, पुढे दिवा लावायला. घरचे येतात आणि मोबाईल पुढे करतात. त्यात माणूस लग्नाच्या पंगतीत बसलेला असतो, तोंडात घास, मागे कुणाचा तरी कोपर. नाहीतर आधार कार्ड. आधार कार्डावर जिवंत माणूसही गेल्यासारखा दिसतो, गेलेल्याची तर गोष्टच सोडा. मग मी त्यातला फक्त चेहरा कापून घेतो आणि तयार 'बॉडी'वर बसवतो. बॉडी म्हणजे मानेपासून कमरेपर्यंतचं अंग. कोट, टाय, जोडलेले हात. मानेचा रंग चेहऱ्याशी जुळवला, मागे निळं आभाळ टाकलं, की घरचे डोळे पुसत म्हणतात, "काय रुबाबदार दिसतात हो."

आमच्यात मयताचा फोटो भिंतीला लावत नाहीत. माझ्या अब्बांचा लावलेला नाही, माझाही कुणी लावणार नाही. पण शेलार गावापासून वळ गावापर्यंत किती घरांतली गेलेली माणसं माझ्या हातून सजून गेलीत ते मलाच ठाऊक.

हे सगळं मी काढतो कुठून? इंटरनेटवरून, फुकट. लोकांना वाटतं मुनाफभाई मोठा कलाकार. कसला कलाकार! तयार कपडे आणून त्यांच्या बाह्या आखूड करणारा माणूस आहे मी. टेम्प्लेट म्हणजे कुणीतरी आधीच करून ठेवलेला साचा. तो उतरवून घ्यायचा, नाव बदलायचं, फोटो बदलायचा. मात्र फुकटची वस्तू मिळवायला अक्कल लागते. साईट उघडली की हिरव्यागार बटणांची रांग दिसते, सगळ्यांवर 'डाउनलोड' लिहिलेलं. ती सगळी खोटी. दाबलंत की कॉम्प्युटरला खरूज. खरं बटण असतं खाली कोपऱ्यात, बारीक, करड्या रंगाचं. ते सापडलं तर फाईलला कुलूप. कुलूप उघडलं तर अक्षरांच्या जागी नुसते चौकोन. आणि हे सगळं निस्तरून फाईल उघडली, की तिच्यात आधीच कुणीतरी राहून गेलेलं असतं.

भाड्याची खोली घेतली की भिंतीत आधीच्या माणसाचा खिळा असतो ना, तसं. कोपऱ्यात भलत्याच गावच्या डिझायनरचा नंबर. नमुन्याला लावलेला एखाद्या बाईचा फोटो, जिला आपण ओळखत नाही आणि जी आपल्याकडे बघून हसते आहे. एकदा आमच्याकडच्या एका मटणाच्या दुकानाच्या बोर्डावर असाच वऱ्हाडातला कुणाचा नंबर राहून गेला होता. तो बिचारा महिनाभर भिवंडीच्या लोकांकडून पायांची आणि कलेजीची ऑर्डर घेत होता. शेवटी त्याने मला शोधून फोन केला आणि हसत हसत शिव्या दिल्या. मी असल्या खुणा झटकून टाकायला शिकलो. पण झटकल्या तरी त्या कुणाच्या तरी असतात, हे काही डोक्यातून जात नाही.

तर तो कोट. नेव्ही ब्लू, पांढरा शर्ट, मरून टाय, छातीशी जोडलेले हात. खूप वर्षांपूर्वी एका फुकटच्या गठ्ठ्यात मिळाला होता. त्याचे खांदे असे बेताचे होते की कुणाचंही डोकं बसायचं. गोरा, काळा, म्हातारा, तरणा. दुसऱ्या बॉडी मी आणल्या, पण त्यांच्यावर चेहरा उपरा वाटायचा. ह्याच्यावर बसवला की वाटायचं, माणूस आता बोलेल. त्यामुळे सवयीने हात त्याच्याकडेच जायचा. मोठी मूळ फाईल जागा खाते म्हणून केव्हाच काढून टाकली होती. फक्त बॉडीचं चित्र तेवढं वेगळं ठेवलं होतं.

एक खोट होती त्यात. उजव्या हाताची करंगळी वरच्या पेरात तुटकी होती. मला वाटायचं, कापणाऱ्याचा माउस घसरला असेल. मनगटावर पुसट पांढरा डागही होता, तो मी स्कॅनिंगचा समजायचो. एका बाईंनी मात्र फोटो परत आणला. "माझ्या मालकांची बोटं धडधाकट होती. मेल्यावर कशी तुटली?" मी त्यांना करंगळी लावून दिली. बाकी कुणी बघितलं नाही. मयताच्या फोटोत हाताकडे कोण बघतो!

एकदा नाक्यावर दोन बॅनर शेजारी शेजारी लागले. एकात आमच्याकडच्या एका उत्साही पुढाऱ्याचा वाढदिवस, दुसऱ्यात एका किराणावाल्या काकांना श्रद्धांजली. दोन्ही माझेच. रिक्षातून जाताना मी मान वर केली. एकच अंग दोन्हीकडे हात जोडून उभं होतं. एकाचं डोकं हसत होतं, एकाचं गंभीर. पुढारी आजही ठणठणीत आहेत, पण मी त्या दिवशी त्यांच्यासाठी मनातल्या मनात दुआ मागितली.

वळ गावात एका घरी फ्रेमचं माप घ्यायला गेलो होतो, तेव्हाचं तर विसरता येत नाही. मोठं घर, जमिनी गोडाऊनला दिलेल्या, हॉलमध्ये गारेगार एसी. भिंतीवर बाप आणि पुढेमागे गेलेले दोन मुलगे, तिघांचे फोटो एका रांगेत. कोट तोच, बाहीची चुणी तीच, करंगळी तीच. घरातली म्हातारी म्हणाली, "तिघंबी सारखेच दिसतात ना? रगत हाय शेवटी." मी मान हलवली आणि माप न घेताच खाली उतरलो. चेहरे तीन होते, पण मला वाटलं की मागे एकच कुणीतरी उभा आहे आणि तो मला ओळखतो.

घरी बायकोला, रुबीनाला, सांगितलं तर ती म्हणाली, "कोट बदला एकदाचा." मी म्हटलं, बदलतो. आणि बदलला नाही. तो बदलण्याआधीच अनुसया वहिनी दुकानात आल्या.

त्या शेलारच्या. सोबत त्यांचे दीर जनार्दन. मुलीच्या, प्रणालीच्या, लग्नाची पत्रिका करायची होती. डिझाइन चटकन पसंत पडलं, गणपती ठरला, भाच्यांची नावं भरली. अडलं मुलीच्या बापाच्या नावापाशी. साच्यात तिथे 'श्री.' होतं. जनार्दन म्हणाले, "तिथं कै. टाका, मुनाफभाई."

"न्हाय," वहिनी म्हणाल्या. "श्रीच लिव, भाऊ. माजा मानूस मेला न्हाय."

गोष्ट अशी होती. नवरा बाळाराम लूमवर जॉबर होता, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. मुलगी पहिलीत होती तेव्हा एक दिवस मशीनचा पार्ट आणतो म्हणून गेला, तो गेलाच. पोलीस झाले, देवऋषी झाले, इस्पितळं झाली. ना माणूस मिळाला, ना मढं. तेव्हापासून वहिनींच्या कपाळावर कुंकू आणि गळ्यात काळी पोत तशीच होती.

"वैनी, मंडपात लोकं इचारतील ना, बाप कुठं हाय म्हनून," जनार्दन हळू आवाजात समजावत होते. माणूस वाईट नव्हता. भावाच्या मुलीला त्यानेच वाढवलं होतं. "पोरीच्या सासरचे आताच इचारतात. काय सांगू त्यांना?"

"सांग, कामाला गेलाय."

"इतकी वर्सं?"

वहिनी माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, कै. लिवलंस तर पोरीच्या हलदीला मी उभी कशी र्‍हाऊ? येकुलती पोर हाय माजी. तिला पयली हलद मीच लावनार."

आता ज्यांना आगरी घरची हळद माहीत नाही त्यांना सांगतो, लग्न एकवेळ साधं होईल, हळद होणार नाही. अख्खा गाव लोटतो. तिथे पहिली हळद लावायला सवाशीण लागते, आणि त्यांच्या घरात हा रिवाज कडक. एका अक्षराने ही बाई स्वतःच्या मुलीच्या हळदीत मागच्या रांगेत जाणार होती. मी माउसवरचा हात काढून घेतला. असल्या ठिकाणी मी कोण लिहिणारा?

दोघं पुन्हा बोलू लागले. बोलता बोलता वहिनींची नजर काउंटरवर गेली. तिथे एका मयताची फ्रेम तयार होऊन पडली होती, संध्याकाळी न्यायला येणार होते. वहिनी वाकल्या. काचेवर बोट ठेवलं, ते हळूहळू करंगळीपर्यंत नेलं, मग मनगटाकडे.

"ह्यो हात कुनाचा?"

"ज्यांचा फोटो आहे त्यांचा," मी म्हणालो. धंद्यातलं उत्तर.

"न्हाय. ह्यो प्रनालीच्या बापाचा हात हाय."

जनार्दन म्हणाले, "वैनी, काय बोलताव!"

"करंगली लूमच्या गिअरमंदी गेलती. आनि ह्यो डाग पोरीच्या पाचवीला भजी तलताना तेल उडला, त्याचा. मीच हलद लावलती वरनं." त्यांचा आवाज अजिबात चढला नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली. "हात हितं हाय, भाऊ. मग मुंडकं कुठं हाय?"

बाहेर शेजारच्या कारखान्यातल्या लूमची खटखट चालू होती. मला ती एकदम लांबून आल्यासारखी वाटली. मी सांगायचा प्रयत्न केला की हे इंटरनेटवरचं चित्र आहे, कुणीही टाकतं, कुणाचंही असतं. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कुनाचंबी म्हंजे कुनाचं तरी ना?" फाईल शोधून बघतो असं मी कबूल केलं. पत्रिका थांबली.

त्या फाईलच्या शोधाइतका वाईट शोध मी आयुष्यात केला नाही. मूळ साईट बंद झालेली. मग मी फोटो टाकून त्याच्यासारखे फोटो शोधायची सोय असते ती वापरली. दुपारचं ऊन दुकानात आलेलं, चहा शेजारी, आणि पडद्यावर रांगाच्या रांगा उतरायला लागल्या. तोच कोट, तेच जोडलेले हात, तीच तुटकी करंगळी. वर मात्र डोकी वेगळी. कुठल्यातरी गावचा सरपंच, कुणी क्लासवाला मास्तर, कुणी नवरदेव, कुणी उमेदवार, आणि हारवाले तर किती. कुणाच्या मिशा, कुणाचा टिळा, एकाच्या डोक्यावर टोपी. मी खाली सरकवत होतो आणि ते संपत नव्हते. सगळे माझ्याकडे बघत हात जोडून उभे. चहावर साय धरली तरी मी उचलला नाही.

मला तोवर वाटत होतं, तो कोट माझ्या दुकानाचा. तो तर सगळीकडे हिंडत होता.

शेवटी एका जुन्या फुकटच्या साईटवर मूळ मोठी फाईल लागली. इथे एक बारकी गोष्ट सांगायला हवी. आमच्या कामात नको असलेला भाग दोन प्रकारे घालवतात. एक तर कापून टाकायचा, मग तो गेला. नाहीतर झाकायचा. झाकला म्हणजे दिसत नाही, पण असतो जागच्या जागी, पडद्यामागे. त्याला मास्क म्हणतात. एक बटण धरून माउस दाबला की पडदा बाजूला होतो. घाईतला डिझायनर कापत बसत नाही, झाकून मोकळा होतो. ह्या फाईलमध्ये मानेच्या वर झाकलेलं होतं.

मी पडदा काढला नाही. माझा तो अधिकार नव्हता. मी जनार्दनना फोन केला आणि वहिनी एकट्याच आल्या. "भाऊजींना न्हाय आनलं," एवढंच म्हणाल्या आणि माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

त्याच वेळी लाईट गेली. आमच्याकडे लाईट गेली की दिवे जाण्याआधी आवाज जातो. सगळे लूम एकदम थांबतात आणि अख्ख्या वस्तीच्या कानांत दडे बसतात. कॉम्प्युटर तेवढा इन्व्हर्टरवर चालू राहिला. पडद्यावर मान होती, मोठी करून ठेवलेली, आणि तिच्यावर काही नव्हतं.

"दाखव," वहिनी म्हणाल्या.

मी माउस दाबला आणि चेहरा आला. इतकी डोकी मी त्या मानेवर ठेवली होती, पण हे बसवलेलं नव्हतं, उगवलेलं होतं. चाळिशी ओलांडलेला माणूस, गाल भरलेले, केस पिकायला लागलेले. हसत होता.

"जिता हाय!" वहिनींनी तोंडावर पदर धरला. डोळ्यांतून घळाघळा पाणी. "बग, भाऊ, बग. गेला तवा येक केस पांढरा नव्हता. जाड झालाय. जिता हाय ना, मी बोलत व्हती ना सगल्यांना!" मलाही भरून आलं. इतक्या हारांच्या, इतक्या दिव्यांच्या मागे हा माणूस जिवंत होता, आणि सगळ्या तालुक्यात ही एकच बाई ते म्हणत होती.

"मोटा कर. पुरता दाखव."

फोटोच्या कडेला मला काहीतरी हिरवं दिसलं होतं. मी म्हणालो, "वहिनी, एवढंच आहे बहुतेक."

"पुरता दाखव, भाऊ."

मी चित्र मागे घेतलं. कोटाच्या डाव्या बाहीवर एक हात होता, कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या भरलेला. हाताच्या मागे बाई, भरजरी साडी, गळ्यात दोन पदरी मंगळसूत्र. दोघांच्याही गळ्यात डिझायनरने वरून चढवलेले गुलाबाचे हार. वर सोनेरी अक्षरात, लग्नाच्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. नावांच्या जागी साच्यातलं 'तुमचे नाव येथे' लिहिलेलं. नावं कुणीतरी नीट पुसली होती. माणसं तेवढी झाकायची म्हणून झाकली होती.

वहिनी पडद्याजवळ सरकल्या. मी पडद्याकडे बघू शकत नव्हतो आणि त्यांच्याकडेही. रस्त्यावरून कुणीतरी सायकल नेली तिचा आवाज स्पष्ट ऐकू आला, इतकं सगळं बंद होतं.

"बाई चांगली दिसते," त्या म्हणाल्या.

खाली कोपऱ्यात बनवणाऱ्या दुकानाचा नंबर होता. ते मी दाखवलं. "वहिनी, फोन लावू? विचारू, कुठलं गिऱ्हाईक होतं. सापडेल. आज ना उद्या सापडेल."

"कशाला?"

"प्रणालीसाठी तरी. लग्न आहे मुलीचं."

"हात जोडून उबा हाय तो, भाऊ," वहिनी म्हणाल्या. "हसतोय. त्याला कुनी धरून न्हाय ठेवला." मग त्यांनी पदराने चेहरा पुसला, अगदी कोरडा होईपर्यंत. "झाक त्याला."

मी पडदा परत ओढला. चेहरा गेला, बाई गेली, बांगड्या गेल्या. कोट राहिला.

"पत्रिका उगड."

मी पत्रिका उघडली. बापाच्या नावापाशी 'श्री.' तसंच होतं.

"कै. लिव."

"वहिनी, विचार करा. हळदीला..."

"पयली हलद माजी जाऊ लावंल." त्या उठल्या. उठताना खुर्चीचा आधार घेतला. कुंकवाला त्यांनी हात लावला नाही, पण लावल्यासारखी बोटं कपाळाजवळ जाऊन परत आली. मी 'श्री.' काढून 'कै.' लिहिलं. मला रडू येत होतं आणि रडायचा हक्क माझा नव्हता.

लाईट आली, लूम सुरू झाले. वहिनी दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. ब्लाउजमध्ये ठेवलेल्या छोट्या पाकिटातून त्यांनी एक फोटो काढला. पासपोर्टच्या मापाचा, कडा पिवळ्या पडलेल्या. बाळारामच, पण बारीक अंगाचा तरणा पोरगा, उघड्या गळ्याचा चौकडीचा शर्ट, केसांना तेल.

"भिंतीला लावायला मोटा करून दे," त्या म्हणाल्या. "आनि भाऊ, कोट घालू नको. ह्यो मेलाय, तो शर्टातच मेलाय."